सोलापुरी चादरीतलं रोम

आमच्या सरांच्या लेखी रोम कधी पडलंच नाही. तरुणपणी उदगीरच्या बाजारात रद्दीच्या गठ्ठ्यात त्यांना रोमच्या इतिहासाचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक सापडलं होतं. त्याला पुठ्ठा नव्हता आणि शेवटची बरीच पानं दुकानदाराने आधीच शेंगदाण्याच्या पुड्या बांधायला वापरली होती. त्यामुळे सरांच्या पुस्तकातलं रोम वाढलं, भरभराटीला आलं आणि तिथंच थांबलं. "सर, पण रोम पुढं पडलं ना?" असं कुणी विचारलं की ते शांतपणे म्हणत, "हौ, लोकं तसं म्हणतेत. माझ्या पुस्तकात न्हाई."

लातूरच्या आमच्या शाळेत ते इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवत. निदान वेळापत्रकात तसं लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात सगळा अभ्यासक्रम दिवाळीच्या आत उरकून उरलेलं वर्ष ते आम्हाला बोलायला शिकवत. रोमन लोक आपल्या पोरांना जसं शिकवत, तसं. रोममध्ये म्हणे श्रीमंताघरचं पोरगं सोळा-सतरा वर्षांचं झालं की त्याला भाषणाच्या मास्तरकडे घालत. तिथं पास झाला की तो वकील, सेनापती, पुढारी, काहीही व्हायला मोकळा. "आणि आपल्याकडं?" सर विचारत आणि खिडकीतून समोरच्या चौकाकडे बोट दाखवत.

समोरच्या चौकात क्लासच्या पाट्या होत्या. भूकंपानंतरच्या त्या वर्षांत लातुरात पावसाळ्यातल्या गवतासारखे क्लास उगवत होते. फिजिक्सवाले सर, केमिस्ट्रीवाले सर, बायोलॉजीवाल्या मॅडम. मास्तरांची आडनावं लोक विसरले होते, विषयच आडनाव झाला होता. जून लागला की जिल्ह्याजिल्ह्यांतून पोरं पत्र्याच्या पेट्या घेऊन उतरत, मेसचे डबे लावत आणि दोन वर्षं मान खाली घालून बसत. त्या गावात आमचे सर एकटे असे होते जे पोरांना मान वर करायला सांगत. लोक त्यांना वेडसर म्हणत, आणि त्यात लोकांची अगदीच चूक होती असंही नाही.

आता त्या चादरीचं सांगते. रोमन माणूस भाषणाला उभा राहिला की एक भलंमोठं वस्त्र अंगावर घ्यायचा, डाव्या खांद्यावरून लपेटून, उजवा हात मोकळा ठेवून. सरांनी त्यासाठी सोलापुरी चादर निवडली होती. लाल, त्यावर पांढरे मोर. लातूरच्या एप्रिलमध्ये, पंखा बंद असताना, हा माणूस ती चादर गुंडाळून वर्गात यायचा आणि गर्जायचा, "नागरिकहो!" हेडमास्तरांनी एकदा काकुळतीला येऊन सांगितलं, "सर, निदान मोर नसलेली तरी घ्या." सर म्हणाले, "रोममध्ये मोठ्या माणसाच्या वस्त्राला जांभळा काठ असायचा. माझ्याला मोर हाय. पगार वाढला की काठ बी लावतो."

त्यांचा खरा वर्ग शनिवारी भरे. सकाळची शाळा सुटली की बाकीची पोरं ट्यूशनला पांगत आणि आम्ही आठ-दहा जणं प्रयोगशाळेत थांबत असू. माझा पहिला शनिवार मला अजून आठवतो. मी शाळाशाळांतून बक्षिसं मिळवलेली मुलगी, मोठ्या ऐटीत उभी राहिले. "अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बंधुभगिनींनो, आज मी आपल्याला दोन शब्द सांगणार आहे, ते आपण शांत चित्ताने ऐकून घ्यावेत ही नम्र विनंती. आपला भारत..."

"बस खाली," सर म्हणाले.

"का सर?"

"दोन शब्द सांगणार म्हणालीस. 'आपला', 'भारत'. झाले. पब्लिकला शब्द दिला की पाळायचा."

सगळे खो खो हसले. मला इतका राग आला की मी ठरवलं, आता या माणसाला बोलूनच दाखवायचं. आज वाटतं, त्यांना तेच पाहिजे होतं.

रोमन लोकांनी भाषणाचे पाच भाग केले होते. सरांनी त्याचं आपल्या बोलीत सूत्र केलं होतं: हुडक, लाव, नटव, धर, सोड. काय बोलायचं ते हुडक. मग ते ओळीनं लाव. मग शब्दांनी नटव. मग मनात घट्ट धरून ठेव. आणि शेवटी तोंडातून सोड. "तुम्ही लोकं पयल्यापासून सोडायलाच बसता," ते म्हणत. माझा आवाज चढला की ते खिशातून तोंडाचा बाजा काढत आणि एक खालचा सूर धरत. रोममधल्या एका पुढाऱ्याच्या पाठीमागे म्हणे एक नोकर बासरी घेऊनच उभा असे, मालक चिरकायला लागला की सूर देऊन त्याला खाली आणायला. मी चिरकत असे फार. त्या बाज्याचा मला एवढा धाक बसला की घरी आईशी भांडतानाही कानात तो सूर वाजायचा.

आणि ते खटले! रोमन मास्तर पोरांना खोटे खटले लढवायला लावत. सरांचा आवडता खटला असा: एका शहराचा कायदा आहे की परक्यानं तटावर चढायचं नाही, चढला तर देहदंड. शत्रू चालून आला. एक परका तटावर चढला, जिवावर उदार होऊन लढला, शहर वाचलं. आता त्याला फाशी द्यायची की हार घालायचा? सर शहराच्या जागी उदगीरचा किल्ला घालत आणि परक्याच्या जागी देवणीचा एक बैलवाला. आम्ही सगळे अर्थातच बैलवाल्याच्या बाजूने उड्या मारत असू. तेव्हा सर त्यांचा कायदा काढत: "आधी समोरच्याची बाजू." ज्याला बैलवाला वाचवायचा असेल त्यानं आधी त्याला फाशी देण्याच्या बाजूनं बोलायचं. उगं तोंडदेखलं नाही. असं बोलायचं की फाशी मागणाऱ्याने उठून म्हणावं, "वा, हे तर मला बी सुचलं नव्हतं." ते झाल्याशिवाय स्वतःची बाजू मांडायची परवानगी नव्हती. या कायद्यापायी कित्येक शनिवार आमचा बैलवाला फासावर गेला.

एकदा ते मला नांदेडला वक्तृत्व स्पर्धेला घेऊन गेले. परीक्षक बाहेरगावचे होते. मी बोलता बोलता "लोक वाट बघून राहिलेत" म्हणाले आणि त्यांनी निकाल सांगताना माझं नाव घेऊन अख्ख्या सभागृहाला समजावलं की शुद्ध मराठीत असं 'राहिलेत' वगैरे नसतं. मी परतीच्या गाडीत रडत होते. अहमदपूरच्या स्टँडवर सरांनी मला चहा पाजला आणि म्हणाले, "रोममधला सगळ्यात मोठा भाषणाचा मास्तर माहिताय कुठला होता? रोमचा न्हाई. पार दूर मुलखातला, स्पेनचा. रोमवाले त्या मुलखाच्या बोलीला हसायचे. मग त्यांचीच पोरं त्याच्याकडं शिकायला गेली." मी डोळे पुसले तसे लगेच म्हणाले, "पण तू बोलीनं हरली न्हाई, घाईनं हरली. खोटं समाधान मी देत नसतो."

मनात धरून ठेवायची रोमन रीत मात्र मला काही केल्या जमेना. रीत सोपी होती. डोळे मिटायचे, आपल्या घरात शिरायचं, पहिला मुद्दा उंबऱ्यावर ठेवायचा, दुसरा देवळीत, तिसरा चुलीपाशी. भाषणाच्या वेळी मनातल्या मनात घरातून फिरत एकेक उचलत जायचं. सगळ्यांनी डोळे मिटले. मी मिटले आणि उघडले. सर जवळ आले.

"काय झालं बच्ची? घरात जा की."

"घर न्हाई सर," मी म्हणाले. "पडलं."

आमचं गाव किल्लारीच्या बाजूचं. लातुरातल्या भाड्याच्या खोलीला मी कधी घर म्हटलं नव्हतं आणि गावातलं घर डोळे मिटून बघायची माझी छाती नव्हती. सर माझ्या शेजारच्या स्टुलावर बसले. मग म्हणाले, "तुझे वडील एसटीत कंडक्टर ना? कुठली गाडी?" मी म्हटलं, लातूर-नांदेड. "मग गाडीत बस." त्या दिवसापासून माझे मुद्दे गाडीने जाऊ लागले. पहिला आष्टामोडला चढायचा, दुसरा चाकूरला, तिसरा शिरूर ताजबंदला, चौथा लोह्याला, आणि शेवट नांदेडच्या स्टँडवर. आजही कोर्टात माझा युक्तिवाद लोह्याच्या पुढे गेला की मी आवरतं घेते.

दहावीला मला चांगले गुण पडले आणि तिथंच सगळं अडलं. मला वकील व्हायचं होतं. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला डॉक्टर करायचं ठरवलं होतं. क्लासला नाव घालायचा दिवसही ठरला होता. आप्पांचा आवाज असा की गाडी गच्च भरलेली असताना त्यांनी एकदा "चला, पुढं सरका!" म्हटलं की टपावरची गाठोडीसुद्धा सरकावीत. घरात मात्र ते फार बोलत नसत. "डॉक्टर व्हायचं," एवढंच म्हणाले. मी कारण विचारलं तर उठून गेले.

मी सरांकडे धावले. सरांना वाटलं, ही तर आपल्यासारख्या माणसासाठी चालून आलेली संधी. दुसऱ्या दिवशी ते आप्पांच्या गाडीत चढले, चादरीसकट. गर्दीत उभं राहून, एका हाताने दांडी धरून, त्यांनी आष्टामोडपासून अहमदपूरपर्यंत भाषण केलं. मुलीची बुद्धी, विद्येची थोरवी, रोमन वकिलांचा मान, काही म्हणता काही शिल्लक ठेवलं नाही. आप्पा तिकिटं फाडत ऐकत होते. अहमदपूरला म्हणाले, "सर, लई भारी बोल्लात. मन भरलं. पर पोरगी डॉक्टर होनार. आता उतरा, तुमचं तिकीट हितवरच हाय."

सर परत आले ते थेट आमच्या खोलीवर. चादरीची घडी काखेत होती. मी त्यांना इतकं पडलेलं कधी पाहिलं नव्हतं, पण डोळे चमकत होते.

"हरलो," ते म्हणाले. "आणि कैकू हरलो, मालूम? मी माझाच कायदा मोडला. तुझीच बाजू मांडत बसलो. आता तू त्यांची मांड."

"आप्पांची? मग मी डॉक्टरच होईन की सर."

"हो मग. त्यांची बाजू खरंच भारी निघाली तर हो. इतकी भीती वाटत असंल तर वकील कशाला होतीस?"

येत्या शनिवारी शाळेच्या हॉलमध्ये खटला ठरला. सर डेपोत जाऊन आप्पांना म्हणाले, "कंडक्टरसाहेब, पोरीनं तुमचं वकीलपत्र घेतलंय. आधी तुमची बाजू, मग तिची. निकाल तुम्हीच द्यायचा. तुमचा निकाल तिला मान्य हाय." आप्पा बुचकळ्यात पडले. आपलाच वकील, आपणच न्यायाधीश, असा सोयीचा खटला नाकारायचा तरी कसा? हो म्हणाले.

मी चार दिवस आप्पांची बाजू हुडकत होते. क्लास, मान, पैसा, हे सगळं वरवरचं होतं आणि ते मला कळत होतं. त्यांची खरी बाजू कुठे ठेवलेली आहे हेही मला माहीत होतं. शेवटी एका दुपारी मी डोळे मिटले आणि गाडीत न बसता गावातल्या घरात शिरले.

शनिवारी हॉल भरला होता. क्लासची पोरंसुद्धा गंमत बघायला आली होती. आप्पा खाकी कपड्यांतच पहिल्या रांगेत, खुर्चीच्या अगदी कडेला बसले होते. मी उभी राहिले. अध्यक्ष महाशय नाही, गुरुजन नाही. आप्पांचं म्हणणं होतं, म्हणून मी ते आप्पांच्याच बोलीत मांडलं.

"मी कंडक्टर हाय. भूकंप झाला तवा मी मुक्कामी गाडीवर व्हतो. सकाळी गावात आलो तर गाव न्हवतं. माझा धाकटा भाऊ लोकांनी ढिगाऱ्यातून काढून लिंबाखाली बाजेवर ठेवला व्हता. जिता व्हता. बोलून राहिला व्हता. मी त्याचा हात धरला आन म्हनलं, डॉक्टर येतोय. लोकं धावून राहिली व्हती, रस्ते भरले व्हते, एकेका डॉक्टरामागं शंभर मानसं व्हती. कुनाची चूक न्हाई. मी दुपारपतूर त्याला सांगून राहिलो, डॉक्टर येतोय, आता येतोय. तो माझ्याकडं बघून राहिला. त्यानं माझ्यावर भरवसा ठेवला आन तो गेला. आता दरसाल जूनमधी माझ्या गाडीतून पोरं उतरतेत, पेट्या घिऊन, डॉक्टर व्हायला. दर पोराकडं बघून मला वाटतं, येऊन राहिला बघ. माझं ते वाक्य अजून खोटंच हाय. माझ्या घरातून एक डॉक्टर निघाला तर ते खरं हुईल. म्हनून पोरगी डॉक्टर पायजे."

आप्पांनी मान खाली घातली होती आणि त्यांचे खांदे हलत होते. त्या दिवशी बाजेच्या पायथ्याशी मी बसले होते, लहान होते, हे ते बहुतेक विसरून गेले होते. ही गोष्ट आमच्या घरात कधी कुणी तोंडातून काढली नव्हती. मलाही रडू आलं होतं, पण माझा आवाज चिरकला नाही. सरांचा हात खिशातल्या बाज्यावर होता. त्यांनी तो काढला नाही.

"आता माझी बाजू," मी म्हणाले.

"काकाच्या बाजेपाशी डॉक्टर नव्हता. त्यानंतर आणखी एक कुणीतरी नव्हतं. आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतो. नव्या गावात घरं कुणाला कुठं, हे ठरवायला साहेब आले. चांगले होते. त्यांनी यादी वाचली आणि सगळ्यांना विचारलं, कुणाचं काही म्हणणं आहे का? काकूचं घर आमच्यापासून गावाच्या दुसऱ्या टोकाला निघालं होतं. ती एकटी बाई, तिला आमच्या शेजारी राहायचं होतं. तिनं आप्पांकडं बघितलं. साठ माणसांची गाडी एका आवाजात गप्प करणारे माझे आप्पा उठले, हात जोडले आणि म्हणाले, 'न्हाई साहेब, काय म्हननं न्हाई.' साहेबांना वाईट वाटू नये म्हणून. सगळं गाव तेच म्हणालं. साहेबांनी विचारलं होतं हो! एका शब्दात काम झालं असतं. काकू आजही दिवेलागणीला गावाच्या त्या टोकाला एकटी बसते. आप्पा, काकाला वाचवणं आपल्या हातात नव्हतं. काकूसाठी बोलणं होतं. आपल्या लोकांसाठी डॉक्टर होणारी हजार पोरं या लातुरात आहेत, ती बघा, मागे उभीच आहेत. 'आहे साहेब, आमचं म्हणणं आहे' असं म्हणणारं एक तरी आपल्या घरातून निघू द्या."

मी खाली बसले. कुणी टाळी वाजवली नाही. सर चादर सावरत पुढे आले. त्यांनी नुसता आप्पांकडे हात केला.

आप्पा उठले. रुमालाने तोंड पुसलं.

"काय निकाल देऊ सर?" ते म्हणाले. "आधी हिनं माझी बाजू मांडली. ती जितली. म्या सोता जल्मात अशी मांडली नसती. मग हिनं हिची मांडली. ती बी जितली. मंग हरलं कोन?"

आणि मग टाळ्या पडल्या. क्लासच्या पोरांनी बाकं बडवली. हेडमास्तर उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि सर लहान पोरासारखे इकडून तिकडे येरझाऱ्या घालत, ज्याला त्याला सांगत होते, "बघितलं? बघितलं? ह्याला म्हणतेत बोलणं!" एखादं शहर जिंकून आल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. मला माझ्या आयुष्यात पुढे मोठमोठे निकाल मिळाले, पण त्या दुपारसारखी ताठ मान पुन्हा कधी झाली नाही.

गर्दी ओसरल्यावर आप्पा माझ्याजवळ आले. त्यांना डेपोत जायचं होतं. टोपी डोक्यावर ठेवत त्यांनी माझ्याकडे न बघताच सांगितलं, "क्लासवाल्याला मी कळवतो, पोरगी येनार न्हाई म्हनून. कर वकिली. पर एक ध्यानात ठेव. कुनी हाक मारली, की पोचायचं. उशीर करायचा न्हाई."